आंबापोळीतली राणी

काशीराम शिवलकर पोस्टातून पेन्शनीत निघाले आणि तिसऱ्याच महिन्यात बायकोने त्यांची नेमणूक कावळ्यांवर केली.

एकतीस सालचा मे महिना होता. सगुणाबाईंनी रायवळ आंब्यांचा रस काढून बारा ताटांत आंबापोळ्या घातल्या होत्या आणि ताटं घरापुढच्या खळ्यात ओळीनं उन्हाला मांडली होती. वर फडकं घातलं की पोळीला वळ उठतात, असं त्यांचं मत होतं. फडकं नाही घातलं की कावळे उतरतात, हा अनुभव होता. म्हणून फडक्याच्या जागी काशीरामभाऊ. सकाळी आठपासून ऊन उतरेपर्यंत ते ओटीच्या कडेला खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसत.

बत्तीस वर्षं ज्यांनी पोस्टात सॉर्टर म्हणून टपाल वेचलं, त्यांच्यावर ही वेळ यावी याचं त्यांना वाईट वाटे. शिक्का नुसता बोटानं चाचपून भाऊ पत्राचं गाव सांगतात, अशी खालच्या आळीत त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण ती अगदीच खोटी नव्हती. केळशीला शिक्का मारणारा माणूस डावखुरा आहे आणि गुहागरच्या शिक्क्यातलं एक अक्षर पोट दुखल्यासारखं वाकलंय, हे त्यांनी कधीच हेरलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना येत नसे. ‘मला माहीत नाही’ हे चार शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. खरं तर हे तीनच शब्द आहेत, पण भाऊंना तेही माहीत नसावं.

त्या दिवशी दहाच्या सुमारास राजिवड्याचा हमीद होडेकर खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. हमीद मचव्यावर तांडेल होता, वाऱ्यावादळाला न भिणारा गडी. पण हातातली फडक्याची पुरचुंडी त्यानं अंडं धरावं तशी धरली होती.

“भाऊ, कामात काय?”

“दिसत नाही? कावळे आहेत.”

“आईनं हे धाडलंन. म्हणाली, काशीरामाला दाखव नि हे टपाल कुठनं आलं तेवढं विचारून ये.”

पुरचुंडीतून एक जुनं, पिवळं पडलेलं पाकीट निघालं. पाकिटाची गोष्ट सबंध राजिवड्याला ठाऊक होती. हमीदचा आजा वजीर हा आगबोटीवर खलाशी. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी तो विलायतेकडे जाणाऱ्या बोटीवर चढला, तेव्हा त्याची मुलगी सुरय्या पाच वर्षांची होती. मग एक पत्र आलं. मुन्शीनं वाचून दाखवलं. ‘मी खुशाल आहे’ एवढंच त्यात होतं. कुठे खुशाल आहे, ते लिहिलं नव्हतं. वजीर परत आला नाही. त्याच बोटीवर शेजारच्या रझियाचा बाप होता, तो दोन वर्षांनी आला आणि त्यानं सांगितलं, “वजीर लंडनला उतरला. तिथं त्यानं मडम केलीन. पत्रसुद्धा तिच्याच घरनं धाडलंन.” पुढं पत्र वाळवीनं खाल्लं, पाकीट राहिलं. मडमही राहिली. आता सुरय्याबी सदुसष्ट वर्षांच्या होत्या, रझियाही तेवढीच. आणि अजून विहिरीवर भांडण झालं की रझिया म्हणे, “जा जा, मडमेची सावत्र लेक!”

भाऊंनी पाकीट उन्हाला धरलं. फिकट जांभळं तिकीट, त्यावर राणीचं तोंड.

“हे बघ हमीद,” ते म्हणाले. कावळ्यांवरून पुन्हा टपालावर आल्यानं त्यांचा आवाज खुलला होता. “जगातल्या सगळ्या देशांच्या तिकिटांवर देशाचं नाव असतं. फक्त एकाच्या नसतं. विलायतेच्या. त्यांचं म्हणणं, आमची राणी बघितलीत ना? मग नाव काय विचारता!”

“म्हणजे लंडनच म्हणा की.”

“अरे, तिकीट म्हणजे सदरा. सदरा मुंबईचा असला म्हणून माणूस मुंबईचा होत नाही. गाव सांगतो तो शिक्का.”

आणि भाऊंनी शिक्क्याकडे पाहिलं. आडव्या काळ्या रेघांचा एक लंबगोल होता. मधोमध इंग्रजी ‘ए’, त्याच्या खाली दोनाचा आकडा आणि त्याच्या बाजूला आणखी एक आकडा. तो आकडा कसल्याशा तेलकट काजळीत बुडाला होता. गावाचं नाव कुठंच नव्हतं. असा शिक्का बत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

“कुठलं गाव, भाऊ?”

“उद्या ये,” भाऊ म्हणाले. “शिक्का अवघड नाही. पण घाईचा नाही.”

हमीद गेला. घरातून सगुणाबाईंचा आवाज आला, “काय ओ, त्या म्हातारीचा कागद पाण्यात घालू नका हां. गेल्या साली माझ्या भावाचं पत्र धुतलंत!”

“मी काय खुळा आहे?” भाऊ म्हणाले आणि आवाज न करता वाटीत कोमट पाणी घेऊन आले.

त्यांचा हिशेब सरळ होता. तिकीट सुटं केलं, हलक्या बोटानं काजळी पुसली, आकडा वाचला आणि परत चिकटवलं की कोणाला कळणारसुद्धा नाही. अर्ध्या तासात तिकीट सुटून वर आलं. काजळी मात्र हलली नाही. भाऊंनी राणीला केळीच्या पानाच्या तुकड्यावर निजवलं, पान ताटांच्या शेजारच्या चौरंगावर उन्हात ठेवलं आणि तेवढ्यात पहिल्या ताटाच्या काठावर कावळा उतरला.

नेमणूक ती नेमणूक. भाऊंनी काठी फेकली. काठी कावळ्याला लागली नाही, चौरंगाला लागली. चौरंग उलटला, पान उडालं आणि कावळा चोचीत काहीतरी धरून समोरच्या माडावर गेला. भाऊ धावले. पान सापडलं. पानावर राणी नव्हती.

ते गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होते, तोच सगुणाबाई रसाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. आंबापोळीवर रोज रसाचा एक थर चढवायचा असतो, त्याला त्या ‘दुसरा हात देणं’ म्हणत. भराभर बाराही ताटांत रस ओतून त्यांनी वळून पाहिलं.

“काय शोधताय?”

“मुंग्या.”

“मुंग्या? त्या कशाला?”

“येतात कुठनं ते बघतोय.”

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. नवऱ्यानं न सांगता घरातलं काम काढल्याचं सगुणाबाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्या इतक्या खूश झाल्या की आतून राखेचं टोपलं आणून त्यांनी भाऊंच्या हातात दिलं. भाऊ उन्हं कलेपर्यंत बारा ताटांभोवती राखेच्या रेघा ओढत होते आणि रेघ ओढता ओढता राणीला शोधत होते. मध्ये मध्ये ते ताटांतही डोकावले, पण तिथं नुकत्या ओतलेल्या रसाची पिवळीधमक साय तेवढी चमकत होती. तेव्हा कावळाच चोर, हे त्यांच्या मनात पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी हमीद आला.

“अभ्यास चाललाय,” भाऊ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सगुणाबाई देवळात गेल्याची संधी साधून त्यांनी नारळ पाडणाऱ्या शिवाला बोलावलं आणि माडावर चढवलं. माडाच्या शेंड्यात कावळ्याचं घरटं होतं. मे महिना, घरट्यात अंडी. शिवा पोचण्याआधीच कावळा आणि कावळीण मिळून त्याच्या डोक्यावर तुटून पडली.

“दिसतो का कागद?” भाऊ खालून ओरडले.

“काड्या आहेत! तार आहे! वयनीची फणी आहे!”

“अरे, कागद बघ! जांभळा! राणीचं तोंड असलेला!”

“इथं कावळ्याचं तोंड आहे, भाऊ, नि ते माझ्या कानाला लागलंय!”

शिवा फणी घेऊन उतरला. कानाला हळद लावून तो तसाच राजिवड्यात नारळ पाडायला गेला. तिथं ज्यानं ज्यानं कानाचं विचारलं त्याला त्यानं खरं तेच सांगितलं. भाऊंकडचा एक विलायती कागद कावळ्यानं नेला, त्यावर राणीचं तोंड होतं. आता राणीचं तोंड असलेला कागद म्हणजे काय, हे राजिवड्यातल्या जाणत्या लोकांना वेगळं सांगायला नको होतं. तो स्टँपपेपर. आणि स्टँपपेपर विलायतेहून कशाला येईल? दाव्यासाठी. दावा कोण करील? मडमेचे नातू.

हमीद सहाव्या दिवशी आला तो खुर्चीला खुर्ची लावून बसला.

“भाऊ, मी दर्यातला माणूस. वारा कितीका वाईट असंना, आधी कळलेला बरा. मडमेला पोरं किती?”

“कसली पोरं?”

“घरावर हक्क सांगतात की माडांवरसुद्धा?”

“कोण सांगतं?”

“मग तुम्ही लपवताय काय? सहा दिस झाले. बत्तीस वर्षं टपाल वेचलंत, नि एका शिक्क्याला सहा दिस?”

“अभ्यास चाललाय,” भाऊ पुन्हा म्हणाले, पण या वेळी आवाज बारीक आला.

“लवकर करा अभ्यास,” हमीद उठत म्हणाला. “आईनं भिंतींना चुना काढायला घेतलान. म्हणते, गोरी माणसं येणार, घर काळं दिसायला नको.”

आता मात्र काशीरामभाऊंची झोप उडाली. म्हातारी चुना काढते आहे आणि राणी कावळ्याच्या पोटात. दोन दिवस तळमळून त्यांनी आयुष्यात केली नव्हती अशी गोष्ट केली. ते वरच्या आळीत महिपत मास्तरांकडे गेले. मास्तर भूगोल शिकवत, तिकिटं जमवत आणि त्यांच्याकडे जगातल्या तिकिटांचं जाडजूड विलायती सूचीपुस्तक होतं. फिजी बेटाला जाणारं टपाल कुठल्या बंदरातून जातं, यावरून दोघांचा सहा वर्षं अबोला होता.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही?”

“मला माहीत आहे,” भाऊ म्हणाले. “तुम्हाला माहीत आहे का, ते बघायला आलो.”

मास्तरांनी पुस्तक उघडलं. दर्यापारच्या आपल्या ठाण्यांतल्या पोस्टांत इंग्रज सरकार त्या काळी आपलीच तिकिटं विकत असे आणि त्यांच्या शिक्क्यांत गावाचं नाव न घालता नुसता नंबर घालत असे, असं त्यात दिलं होतं. मास्तरांचं बोट ओळीवरून सरकलं.

“‘ए’ पंचवीस, माल्टा. ‘ए’ सव्वीस, जिब्राल्टर. सत्तावीसपासून पुढं जमैका बेटातली गावं. लंडन यात येतच नाही.”

“लंडन नाही?” भाऊ उठून उभे राहिले. “म्हणजे मडम नाही!”

“मडमेचं या पुस्तकात काही नाही. आकडा पाच की सहा की सात?”

“पाच,” भाऊ म्हणाले. “म्हणजे सहा. खाली पोट होतं त्याला.”

“पोट पाचालाही असतं. तिकीट कुठाय?”

“घरी.”

“उद्या सकाळी येतो बघायला. तोवर कोणाला काही सांगू नका. अंदाजानं भूगोल होत नाही, शिवलकर.”

घरी आल्यावर भाऊ जेवले नाहीत. सगुणाबाईंनी आधी चिंबोरीची आमटी पुढं केली, मग कपाळाला हात लावून बघितला, मग सरळ समोर बसल्या. तेव्हा भाऊंनी सगळं सांगून टाकलं. वाटी, पान, काठी, कावळा, सगळं.

सगुणाबाईंनी आमटीवर झाकण ठेवलं.

“मग त्यात कावळ्याला कशाला घेताय?” त्या म्हणाल्या. “तुम्ही काठी मारलीत. पान उडालं. लागलीच मी वरनं दुसरा हात दिला. मग तिसरा, मग चौथा. असेल तुमची राणी कुठल्यातरी पोळीत.”

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं ज्या पोस्टात त्यांनी काढली, तिथं असं डोकं एकाचंही नव्हतं.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला मुंग्या सांगितल्यात!”

सकाळी महिपत मास्तर भिंग घेऊन आले, तेव्हा पोळ्या ताटांतून सुटून, घड्या होऊन मुंबईच्या लेकीसाठी डब्यात गेल्या होत्या. त्या सगळ्या परत बाहेर निघाल्या. पेन्शनीतले सॉर्टर आणि भूगोलाचे मास्तर खळ्यात उभं राहून एकेक आंबापोळी दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरू लागले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. एकानं, आज ग्रहण आहे काय, म्हणून विचारलं. तिसऱ्या पोळीत एक काळा ठिपका दिसला. मास्तरांनी ती हळूच फाडली, तर आत मुंगी. राखेची रेघ ओलांडून आलेली एकच, पण नेमकी तीच. दहा पोळ्या झाल्या. राणी नाही.

“घातल्या होत्या बारा,” भाऊ म्हणाले.

“दोन दिल्या,” सगुणाबाई म्हणाल्या. “एक काल मास्तरांकडे धाडली. तुम्ही त्यांच्याकडे गेलात म्हटल्यावर म्हटलं, अबोला सुटला, तोंड गोड करावं.”

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तरांचा चेहरा भूगोलाच्या पुस्तकातल्या निर्जन प्रदेशासारखा झाला.

“खाल्ली,” ते म्हणाले.

“सगळी?”

“सगळी. फार चांगली झाली होती.”

“कागद लागला का दातांना?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. “एक चिवट काहीतरी लागलं होतं खरं. मला वाटलं, आंब्याची शीर. गिळलं.”

“मास्तर,” भाऊ म्हणाले, “तुम्ही जिब्राल्टर गिळलंत.”

“किंवा माल्टा,” मास्तर क्षीणपणे म्हणाले. अशा प्रसंगीसुद्धा त्यांनी अंदाज केला नाही.

“पण दुसरी आहे ना!” सगुणाबाई म्हणाल्या. “सुरय्याबींना दिली चार दिवसांमागं, अगदी पहिली सुटली ती. तिला मध्येच टेंगूळ उठलं होतं. म्हटलं, टेंगळाची कुठं मुंबईला धाडा, म्हणून जवळ दिली.”

“टेंगूळ!” भाऊ आणि मास्तर एकदम ओरडले. मग तिघंही राजिवड्याच्या वाटेला लागली. मास्तर सगळ्यांत पुढं होते, कारण आपण नुसती शीर गिळली असं ठरणं त्यांना फार गरजेचं होतं.

होडेकरांचं घर लांबूनच डोळ्यांत भरलं, इतका चुना लागला होता. हमीदच्या केसांतही तो होता. सुरय्याबी धुवट ओढणी घेऊन पडवीत बसल्या होत्या आणि दगडी गडग्यापलीकडून रझिया, आपण वाळत घातलेले बांगडे बघायला आलो आहोत असं दाखवत, सगळं बघत होती.

“आले काय गोरे?” सुरय्याबींनी विचारलं. मग नीट पाहिलं. “काशीराम, तू? नि या मास्तरला कशाला आणलंस?”

“सुरय्याबी, आधी सांगा, आमच्या हिनं दिलेली पोळी कुठाय?”

“का? परत हवी?”

“नाही हो, नाही,” सगुणाबाई घाईनं पुढं झाल्या. “ती जरा टेंगळाची होती म्हणून...”

“टेंगळाची मला धाडलीस काय गो?”

“तसं नाही! जवळचं माणूस म्हणून...”

“जवळच्या माणसाला टेंगूळ, नि मुंबईला गुळगुळीत?”

“आई, पोळी,” हमीद कळवळून म्हणाला.

“खाल्ली निम्मी. दात नाहीत, चघळत बसते. निम्मी आहे डब्यात.” आणि डबा आणता आणता त्या पुटपुटल्या, “तरी म्हटलं, या बाजूला चव कागदासारखी का लागते.”

अर्धी पोळी महिपत मास्तरांनी दाराच्या चौकटीत उन्हासमोर धरली. क्षणभर नुसताच नारिंगी उजेड पडला. मग त्या उजेडात, फळात बी दिसावी तशी, जांभळी राणी दिसली. मानेपर्यंत शाबूत, नाक सरळ, चेहऱ्यावर काही झाल्याची खूण नाही. सुरय्याबींच्या चघळण्यातून ती अर्ध्या बोटानं वाचली होती.

“तिकीट पोळीत कसं गेलं?” हमीदनं विचारलं.

“अभ्यासात,” सगुणाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी भिंग लावलं. आठ दिवस रसात मुरल्यानं तेलकट काजळी सुटली होती. जे काम कोमट पाण्यानं झालं नव्हतं ते रायवळ आंब्यानं केलं होतं. ‘ए’ स्पष्ट दिसत होता, दोन स्पष्ट दिसत होता आणि दोनाच्या बाजूला, पोटासकट...

“सहा!” मास्तर ओरडले. “सव्वीस! जिब्राल्टर! आणि मी शीरच गिळली!”

काशीरामभाऊ पडवीत मधोमध उभे राहिले. हमीद, सगुणाबाई, गडग्यावरची रझिया, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “सुरय्याबी, हे टपाल लंडनचं नाही. जिब्राल्टर म्हणून बंदर आहे, दर्याच्या तोंडाशी, तिथलं आहे. तिथल्या पोस्टात विलायतेचं तिकीट लावायचे. तुमच्या वडिलांनी लंडनहून पत्र धाडलंच नाही. मडमेचं घर, मडमेचं पत्र, सगळं बनवाबनवी. साठ वर्षं तुम्हाला लोकांनी उगाच बोल लावला. मडमबिडम काही नव्हती!”

गडग्यावरून रझियाचं डोकं खाली गेलं. हमीदनं सुटकेचा श्वास सोडला. भाऊ आता म्हातारीच्या तोंडून दुवा ऐकण्यासाठी थांबले.

सुरय्याबींनी चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं.

“नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नव्हती.”

“मग बा आला का नाही?”

या प्रश्नाच्या शिक्क्याला नंबर नव्हता.

“तुला कोणी सांगितलं होतं मडम काढायला?” सुरय्याबी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हमीद दोन पावलं मागं सरला. “मी विचारलं, टपाल कुठलं. मडमेचं विचारलं होतं? साठ वर्षं झाली, रोज तिला शिव्या देते मी. भात करपला, मडमेला शिवी. आई गेली तेव्हा मडमेला शिवी. दर्याला शिव्या देता येत नाहीत, त्याच्यावर पोट. बापाला देता येत नाहीत, बाप तो. मडम होती म्हणून निभावलं रे. तिकडं तो तिच्या घरात बसून चहा पितो, म्हातारा झाला, तिची बोलणी खातो, असं मनात धरून होते. आता तू म्हणतोस, नव्हती. मग तो कुठं आहे?”

सगुणाबाईंनी हळूच जाऊन त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि त्यांचा हात हातात घेतला. टेंगळाचा राग म्हातारी विसरली होती, कारण तिनं हात काढून घेतला नाही.

“त्या तुझ्या बंदरात,” सुरय्याबी म्हणाल्या, “काय नाव त्याचं?”

“जिब्राल्टर.”

“तिथं मडमा असतात?”

महिपत मास्तर खाकरले. “जिब्राल्टर हा मूळचा खडक,” त्यांनी सुरुवात केली. “त्यावर किल्ला आणि शिबंदी. वस्ती मुख्यतः पुरुषांची. शिवाय माकडं...”

काशीरामभाऊंचा पाय मास्तरांच्या पायावर पूर्ण वजनानिशी पडला.

“असतात,” भाऊ म्हणाले. “पुष्कळ असतात. बत्तीस वर्षं टपाल वेचलंय मी, सुरय्याबी. तिथल्या मडमांची पत्रं स्वतः या हातांनी वेचली आहेत.”

“चांगल्या घरच्या?”

भाऊंनी पाय मास्तरांच्या पायावरच ठेवला. मग म्हणाले, “अक्षर फार सुंदर.”

सुरय्याबींनी मान हलवली. त्या उठल्या, ओढणी सारखी केली, मास्तरांच्या हातातून राणीसकट अर्धी पोळी काढून घेतली आणि सावकाश गडग्यापाशी गेल्या. पलीकडं रझिया बांगड्यांवर वाकली होती.

“ऐकलंस काय गो, रझिया?” त्या म्हणाल्या. “तुझ्या बापाला धड बंदरसुद्धा कळलं नाही. लंडनची नव्हती, जिब्राल्टरची होती. नि लंडनच्या मडमांना म्हणे तिच्यासारखं लिहितासुद्धा येत नाही.”